साक्षीदाराला रंगवू नका

१६ एप्रिल आला की ठाणेकरांना रेल्वे आठवते. १८५३ साली याच दिवशी दुपारी देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून सुटली आणि ठाण्याला येऊन थांबली. साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं, १४ डबे, ४०० पाहुणे, २१ मैल. शाळेत इतिहास शिकवताना हे आकडे मी इतक्या वेळा फळ्यावर लिहिलेत, की झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन.

यंदा त्या दिवशी सकाळी सातच्या आत सोसायटीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. ‘पहिली आगगाडी, बोरीबंदर ते ठाणे, १८५३. दुर्मीळ. प्रत्येक ठाणेकराने पाहावा आणि पुढे पाठवावा.’ धुराचे लोट सोडत इंजिन फलाटाला लागतंय, लाल पागोटी घातलेले हमाल धावतायत, शिट्टी वाजतेय, गर्दीचा गलबला ऐकू येतोय. सगळं रंगीत आणि काल काढल्यासारखं स्वच्छ. दुपारपर्यंत तो मला अकरा जणांनी पाठवला. संध्याकाळी आमच्या भागात एक छोटा कार्यक्रम होता, तिथे तो मोठ्या पडद्यावर लावला. टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेत शाळेतली पोरं बसली होती, ती डोळे मोठे करून पाहत होती.

माझ्या बाजूला आमच्या मजल्यावरचे काका होते. रेल्वेत ओव्हरहेड वायरच्या कामात त्यांचं आयुष्य गेलं. ते माझ्याकडे झुकले आणि हळूच म्हणाले, “बाई, इंजिनाच्या मागे उजवीकडे बघा. मास्ट आहे तो. तारेचा खांब.”

मुंबईत विजेची गाडी पहिल्यांदा धावली ती ३ फेब्रुवारी १९२५ ला, व्हीटी ते कुर्ला, हार्बरवरून. त्याआधी इथल्या रुळांवर तारांचे खांब असायचं कारणच नव्हतं. आणि खांबाचं सोडा, १८५३ साली हलतं चित्र टिपणारं यंत्रच जगात नव्हतं. ल्युमिए बंधूंनी पॅरिसला तिकीट लावून पहिला खेळ केला २८ डिसेंबर १८९५ ला. मुंबईत वॉटसन हॉटेलात तो झाला ७ जुलै १८९६ ला. त्यात फलाटात शिरणाऱ्या गाडीचं दृश्य होतं खरं, पण ती गाडी फ्रान्समधली. ठाण्याला पहिली गाडी आली तेव्हा ल्युमिए बंधूंचा जन्मसुद्धा झालेला नव्हता.

कार्यक्रम संपल्यावर मी आयोजकांना हे सांगितलं. माणूस सज्जन. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बाई, तुमचं बरोबर असेल. पण लोकांना आपल्या गावाचा अभिमान वाटला ना? भावना महत्त्वाची.” त्यांचं हे उत्तर पंधरा दिवस डोक्यातून गेलं नाही, म्हणून लिहायला बसले.

माझ्या पिढीने न्यूजरील पाहिलं ते टॉकीजमध्ये, मुख्य चित्रपटाच्या आधी, फिल्म्स डिव्हिजनचं. त्याच्याही आधीची, म्हणजे विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन-चार दशकांतली वृत्तचित्रं आम्हाला कधी दिसलीच नाहीत. मी शिकवायला लागले तेव्हा १९११ चा दिल्ली दरबार मुलांना दाखवायचा म्हणजे पाठ्यपुस्तकातलं पोस्टाच्या तिकिटाएवढं चित्र दाखवायचं. मग २०१४ साली ब्रिटिश पाथे या जुन्या वृत्तचित्र कंपनीने आपल्या संग्रहातल्या ८५,००० फिती यूट्यूबवर खुल्या केल्या, पुढच्या वर्षी ब्रिटिश मूव्हीटोन या तशाच दुसऱ्या कंपनीचा संग्रह आला. त्या दिवसांत मी रात्र-रात्र जागून पाहिलंय. शंभर वर्षांपूर्वीची माणसं चालतात, मागे वळून कॅमेऱ्याकडे बघतात, टोपी सावरतात. मला ते अजूनही नवलाचं वाटतं. हे भांडार आपल्या हाती आलं आणि पाठोपाठ ते ‘सुधारणारी’ यंत्रंही, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेची (एआयची) सॉफ्टवेअरं आली. आता मूळ फीत शोधावी लागते. रंगीत, आवाज भरलेली, चकचकीत केलेली नक्कल मात्र न शोधता समोर येते.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी पूर्ण जबाबदारीने मांडतेय. घरात कुणी काय पाहावं हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण शाळेत, पालिकेच्या सभागृहात, वारसा सप्ताहात, जयंती-पुण्यतिथीला, म्हणजे जिथे चार माणसं ‘हा आपला इतिहास’ म्हणून पडद्याकडे बघतात, तिथे जुनं वृत्तचित्र मूळ रूपातच दाखवलं पाहिजे. ते कुणी, कुठे, कधी आणि कुणासाठी टिपलं हे पडद्यावर लिहिलं पाहिजे. आणि जिथे कॅमेरा पोचलाच नाही, तिथलं चित्र बनवून दाखवू नये.

माझा भाचा घणसोलीला राहतो, चित्रफिती सुधारणाऱ्या या यंत्रांच्याच क्षेत्रात नोकरी करतो. त्याला मी हे सांगितलं तर म्हणाला, “आत्या, तू उगाच चिडतेस. रंग दिल्याशिवाय आजची पोरं बघत नाहीत गं. काळ्या-पांढऱ्यातली माणसं त्यांना मेलेली वाटतात.” पण पोरगा प्रामाणिक. रविवारी लॅपटॉप घेऊन आला आणि त्या आगगाडीची मूळ फीत त्यानेच शोधून काढली. काळी-पांढरी, मुकी. आम्ही दोन्ही शेजारी-शेजारी लावून, एकेक चित्र थांबवून पाहिल्या.

मूळ फितीत फलाटाच्या टोकाला एक हमाल उभा आहे. त्याचा चेहरा म्हणजे करड्या रंगाचे सात-आठ कण, एका बाजूला थोडा उजेड. बस. सुधारलेल्या फितीत त्याला डोळे आहेत, नाक आहे, मिशी आहे. भाच्याने दोन सेकंद पुढे नेलं तर मिशी बारीक झाली. आणखी पुढे, तो एका खांबामागून गेला आणि बाहेर आला तो वेगळाच माणूस. पागोटं लालचं तपकिरी झालं. मी विचारलं, “हा चेहरा कुणाचा?” भाचा जरा थांबला आणि म्हणाला, “कुणाचाच नाही. मशीनने लाखो चेहरे बघितलेत, त्यावरून अंदाजाने भरलाय.”

त्या हमालाचं नाव कुठे नोंदलेलं नाही. त्याची जगात उरलेली खूण म्हणजे तेवढे करडे कण. ते पुसून त्या जागी कधीच न जन्मलेल्या माणसाचा चेहरा बसवला, आणि आम्ही टाळ्या वाजवल्या.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. मूळ फितीत खांबांवरून तारा गेलेल्या स्पष्ट दिसतात. रंगीत फितीत खांब आहे, तारा नाहीत. जुन्या फितीवर ओरखडे असतात, ते काढायला यंत्राला शिकवलेलं असतं, आणि त्याला त्या तारा ओरखडे वाटल्या. फीत कधीची हे ज्या एका गोष्टीवरून कळलं असतं, नेमकी तीच गेली. काकांच्या डोळ्यांनी खांब पकडला म्हणून, नाहीतर तोही पुढच्या वेळी साफ होईल.

कुणी म्हणेल, दुरुस्ती करूच नये का? करावी. जुन्या काळी कॅमेरावाला हाताने हँडल फिरवायचा, सेकंदाला साधारण १६ चित्रं. तीच फीत पुढे २४ च्या वेगाने चालवली म्हणून जुन्या चित्रांतली माणसं दुडुदुडु पळताना दिसतात. वेग मूळपदावर आणला की माणसं माणसांसारखी चालायला लागतात, ती खरी दुरुस्ती. धूळ झाडणं, थरथर कमी करणं हेही ठीक. यात फितीवर जे होतं तेच नीट दिसतं. पण यंत्र जेव्हा १६ ची ६० करतं, तेव्हा सेकंदातली ४४ चित्रं त्याने मनाने भरलेली असतात. हात इथे होता, मग तिथे होता, तर मधे असा गेला असेल, असा हिशेब. एरवी हरकत घेऊ नये इतकी ही गोष्ट बारीक वाटेल. पण १९११ मध्ये नेमक्या अशाच बारीक गोष्टीवर एक मराठी राजा अडचणीत आला होता.

१२ डिसेंबर १९११, दिल्ली. पंचम जॉर्ज आणि राणी मेरी सिंहासनावर. एकेक संस्थानिक पुढे येणार, मुजरा करणार आणि पाठ न दाखवता काही पावलं मागे सरून मग जाणार, असा शिरस्ता. निजामानंतर बडोद्याचे सयाजीराव गायकवाड आले. इतर राजे रत्नांनी लगडलेले, हे साध्या पांढऱ्या वेषात, हातात काठी. एकदा मान लववली, वळले आणि चालू लागले. इंग्रजी वर्तमानपत्रांनी आकाशपाताळ एक केलं. हा राजाचा अपमान, हा राजद्रोह. महाराजांवर आधीपासून राष्ट्रीय चळवळीला आतून सहानुभूती असल्याचा संशय होताच. त्यांना व्हाइसरॉय हार्डिंज यांना खुलाशाचं पत्र लिहावं लागलं.

दरबार टिपायला अनेक कंपन्यांचे कॅमेरे होते. फीत लंडनला पोचली आणि लोक थिएटरात जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघू लागले की महाराजांनी पाठ फिरवली का, किती पावलांवर फिरवली, काठी कशी धरली होती. ज्यांनी पाहिलं त्यांच्यातही एकमत झालं नाही. वृत्तचित्र साक्षीला उभं राहिल्याचं इतकं ठळक उदाहरण त्या काळातलं दुसरं मला आठवत नाही. ती फीत आजही आहे. महाराज चौकटीत जेमतेम काही सेकंद दिसतात. सगळा वाद त्या थोडक्या चित्रांचा आणि दोन-तीन पावलांचा. आता ही फीत यंत्रातून काढा. यंत्र मधली पावलं भरणार, महाराजांच्या चेहऱ्यावर काहीतरी भाव आणणार, कदाचित ओठांच्या कोपऱ्यात हसूसुद्धा. उद्या त्या हसण्यावर कुणी प्रबंध लिहील. साक्षीदाराने जे पाहिलं तेवढंच सांगावं, आणि जे नीट दिसलं नाही त्याला ‘नीट दिसलं नाही’ म्हणावं, हा कोर्टातला साधा नियम आहे. फितीवरचे करडे कण म्हणजे साक्षीदाराचं ‘नीट दिसलं नाही’ असं सांगणं.

रंगाचं म्हणाल, तर त्याच दरबाराचं खरं रंगीत चित्रण झालेलं आहे. चार्ल्स अर्बनच्या कंपनीने किनेमाकलर पद्धतीने ते केलं. फिरत्या चकतीवर लालसर आणि हिरवट अशा दोन काचा, एक चित्र एकीतून आणि पुढचं दुसरीतून. १९१२ च्या फेब्रुवारीत लंडनच्या स्काला थिएटरात तो अडीच तासांचा खेळ सुरू झाला आणि लोकांनी गर्दी केली. त्यातले थोडेसेच तुकडे उरले, तेही रशियात, मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या संग्रहात २००० साली सापडले. त्या पद्धतीला निळा रंग नीट पकडता यायचा नाही, झपाट्याने हलणाऱ्या वस्तूंच्या कडांना लाल-हिरवी झालर दिसायची. पण जो लाल दिसतो तो त्या दिवशी त्या कापडावर खरोखर होता. यंत्राने हमालाच्या पागोट्याला दिलेला लाल कुठून आला? कुणी तरी कधी तरी रंगवलेल्या हिंदुस्थानी हमालांच्या चित्रांवरून. म्हणजे साहेबाच्या नजरेतला आपला रंग पुन्हा आपल्यालाच विकलेला.

भाच्याने पीटर जॅक्सनचं उदाहरण दिलं. पहिल्या महायुद्धाच्या शताब्दीला, २०१८ मध्ये, त्याने इंपीरियल वॉर म्युझियममधल्या फितींना रंग आणि आवाज देऊन चित्रपट केला. ओठ वाचणाऱ्या तज्ज्ञांकडून सैनिक काय बोलतायत ते काढून घेतलं. काम मन लावून केलेलं, यात वाद नाही. पण तिथे संग्रहालयाने मूळ फिती जपून ठेवल्यात, काय बदललं ते दिग्दर्शकाने जगाला सांगितलंय आणि पाहणारा तिकीट काढतो तेव्हा आपण एका दिग्दर्शकाची कलाकृती बघतोय हे त्याला ठाऊक असतं. आमच्या पडद्यावर ‘ओरिजिनल’ असं लिहिलं होतं. फरक तिथे आहे.

राहिला पोरांचा प्रश्न. ‘पोरं बघत नाहीत’ हे मी चाळीस वर्षं ऐकतेय, कवितेबद्दल, नकाशाबद्दल, पाढ्यांबद्दल. म्हणून करून पाहिलं. मे महिन्यात आमच्या वाचनालयात सहावी ते आठवीची पंधरा-सोळा मुलं जमवली आणि दरबाराची ती मूळ फीत लावली. काळी-पांढरी, मुकी. सुरुवातीला दोघं-तिघं खिदळली. मी गायकवाडांची गोष्ट सांगितली, वेग कमी केला आणि म्हटलं, आता तुम्ही न्यायाधीश. पावलं मोजा.

“बाई, परत लावा.” नऊ वेळा परत लावली. एक गट म्हणत होता मुद्दाम पाठ फिरवली, दुसरा म्हणत होता घाबरले असतील, निजामाचं नीट दिसलं नसेल. एकाने उठून लवून दाखवलं, काठीच्या जागी छत्री घेऊन. कुणाला रंगाची आठवण झाली नाही. आणि एक सातवीतली मुलगी, एरवी तोंड न उघडणारी, म्हणाली, “बाई, कॅमेरा दुसऱ्या बाजूला असता तर त्यांचा चेहरा दिसला असता. तो त्या बाजूला का नव्हता?”

इतिहासाच्या तासाला याहून चांगला प्रश्न मला कुणी विचारलेला नाही. कॅमेरा जिथे ठेवू दिला तिथे होता, जे दाखवायचं होतं ते दिसेल असा. जुन्या न्यूजरीललाही भाबडेपणाने सत्य मानू नये, हे मला इथे स्वच्छ सांगायचं आहे. १९१२ च्या एप्रिलमध्ये टायटॅनिक बुडाली तेव्हा तिची चित्रं जवळपास नव्हती, म्हणून कंपन्यांनी तिच्या जुळ्या बहिणीची, ऑलिंपिकची फीत चालवली आणि ओळख पटू नये म्हणून जहाजांवरची नावं फितीवरच खरवडून टाकली. १८९८ च्या स्पेन-अमेरिका युद्धातली सँटियागोची लढाई न्यूयॉर्कमध्ये पाण्याच्या टबात कापलेली चित्रं तरंगवून आणि सिगारचा धूर सोडून केली, हे करणाऱ्यांपैकी एकानेच पुढे लिहून ठेवलं. पहिल्या महायुद्धातल्या, फ्रान्समधल्या सोमच्या लढाईवरचा १९१६ चा माहितीपट बराचसा खरा, पण सैनिक खंदकातून वर चढून हल्ल्याला निघतात ते गाजलेलं दृश्य सरावाच्या जागी घडवून घेतलेलं. म्हणजे लबाडी जुनीच आहे. पण ती पकडली गेली कशी? मूळ फितीवरची खरवड दिसली म्हणून, सैनिकांच्या अंगावर असायला हवं ते सामान नव्हतं म्हणून. ‘सुधारणारं’ यंत्र सगळ्यात आधी खरवड बुजवतं.

आणि कॅमेरा कुठे नव्हता? त्यासाठी ठाण्याबाहेर जायला नको. स्टेशनपासून थोड्याच अंतरावर, खाडीच्या अंगाला, जुन्या किल्ल्यात आपला तुरुंग आहे. १९ एप्रिल १९१० ला सकाळी तिथे अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना फाशी दिलं. नाशिकच्या विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्याबद्दल. कान्हेऱ्यांनी विशीही गाठली नव्हती. त्यांची प्रेतंसुद्धा नातेवाइकांना मिळाली नाहीत. बरोबर एक महिना आणि एक दिवसानंतर, २० मे १९१० ला, लंडनमध्ये सातव्या एडवर्डची अंत्ययात्रा निघाली. नऊ देशांचे राजे घोड्यावर, आणि रस्त्याच्या कडेला कंपन्यांचे कॅमेरे. आज आपण घरी बसून त्या अंत्ययात्रेतला एडवर्डचा कुत्रा शवपेटीमागून चालताना बघू शकतो. कान्हेऱ्यांचं एक हलतं चित्र नाही. १९३० मध्ये दांडीला जगभरचे कॅमेरे गेले, सरकारने इथल्या थिएटरांत त्यातली बरीच वृत्तचित्रं दाखवू दिली नाहीत तरी ती टिकली. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला खाडीपलीकडे उरण तालुक्यातल्या चिरनेरला जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला, आठ गावकरी गेले. तिथे कोण जाणार कॅमेरा घेऊन?

ही तफावत म्हणजेच इतिहास आहे. कुणाचं मरण टिपण्यालायक मानलं आणि कुणाचं लपवण्यालायक, हे त्या रिकाम्या जागेवरून जितकं कळतं तितकं दहा पुस्तकांतून कळत नाही. आता यंत्राला चार ओळी लिहून दिल्या की ते कान्हेऱ्यांना फाशीकडे चालताना दाखवील, मंद संगीतासह. करणाऱ्याच्या मनात भक्तीच असेल. पण ज्या दिवशी ती चित्रफीत शाळेत लागेल, त्या दिवशी कान्हेऱ्यांचं हलतं चित्र साहेबाने उरू दिलं नाही ही गोष्ट मुलांच्या लेखी पुसली जाईल. चित्र तर आहे ना, आम्ही पाहिलं.

माझ्या मनाला सगळ्यात लागणारी रिकामी जागा वेगळीच आहे. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, लोक त्यांना सावेदादा म्हणत, यांनी इंग्लंडहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये मुंबईत हँगिंग गार्डनला कुस्ती टिपली. डिसेंबर १९०१ मध्ये केंब्रिजचे सीनियर रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे मायदेशी परतले, त्यांचं स्वागत सावेदादांनी चित्रित केलं. भारतातलं पहिलं वृत्तचित्र म्हणून त्याचं नाव घेतात. कॅमेऱ्यामागे मराठी माणूस, कॅमेऱ्यापुढे मराठी माणूस, आणि बातमी ही की आपला पोरगा गणितात पहिला आला. ना दरबार, ना राजा, ना लढाई. ती फीत उरली नाही. तेव्हाच्या फिती नायट्रेटच्या, आपोआप कुजणाऱ्या आणि एकदा पेटल्या की पाण्याखालीही जळत राहणाऱ्या. मूकपटांच्या काळात आपल्याकडे तेराशेहून अधिक चित्रपट झाले, त्यातले उरलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. २००३ च्या जानेवारीत पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फितींना आग लागली आणि जे जपलं होतं त्यातलंही गेलं. परांजपे बोटीतून उतरताना कसे दिसले असतील, हे डोळे मिटून मी कितीदा तरी पाहिलंय. पण उद्या कुणी ती फीत ‘बनवून’ आणली तर मला नको. हरवलेल्या मुलाच्या जागी दुसरं आणून बसवलं म्हणून आई शोध थांबवते का? अजून कुठल्या तरी जुन्या वाड्याच्या माळ्यावर, कुठल्या तरी परदेशी डब्यात ती असू शकते. क्रास्नोगोर्स्कला दरबार सापडलाच की. शोधायला कारण उरतं ते जागा रिकामी दिसते म्हणून.

माळ्यावरून आठवलं. ठाण्यात आणि नवी मुंबईत आज साठीच्या पुढे असलेल्यांच्या घरांत आठ मिलिमीटरची रिळं, व्हीएचएस कॅसेटी पडून आहेत. कुणाच्या लग्नाच्या मागे वाशीची मिठागरं दिसत असतील, कुणाच्या मुंजीत जुनं नौपाडं. डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फीत मरायला लागली आहे असं समजा आणि लगेच प्रत काढून घ्या. प्रत काढणारे हल्ली ‘एचडी करून देतो, रंग उठावदार करून देतो’ म्हणतात. तशी हवी तर घ्या, पण आधी जशी आहे तशी एक प्रत मागा आणि मूळ रीळ टाकू नका.

पालिकेने एवढं करावं. वारशाच्या कार्यक्रमाला सभागृह देताना, अनुदान देताना एकच अट घालावी, की जुनी फीत दाखवणार असाल तर आधी दहा सेकंद तिची चिठ्ठी, म्हणजे ती कुणी, कुठे, कधी टिपली आणि तिच्यात काय बदललं, हे पडद्यावर दिसलं पाहिजे. शाळांनीही तेच करावं. याला खर्च शून्य. ठाण्यात १८९३ पासून मराठी ग्रंथसंग्रहालय चालवणारी माणसं आहेत. पुस्तकाच्या पहिल्या पानावर लेखक, प्रकाशक, आवृत्ती, साल छापलेलं असतंच आणि ते नसेल तर ग्रंथपाल शंका घेतो. फितीला तोच न्याय लावायचा आहे, नवं काही शोधायचं नाही. आयोजकांच्या ‘भावना महत्त्वाची’ला माझं उत्तर हेच. गावाच्या अभिमानासाठी १८५३ ची खोटी फीत लागत नाही. गाडी खरी आली होती, ती पाहायला गाव खरं लोटलं होतं. ते चित्र कुणी काढू शकलं नाही, हे मुलांना सांगताना मला कधी कमीपणा वाटला नाही.

पुढच्या १६ एप्रिलच्या कार्यक्रमासाठी मी त्याच आयोजकांना जाऊन भेटले. ते पुन्हा सज्जनपणे वागले, म्हणाले, “तुमची फीत आणा, चिठ्ठीही तुम्हीच लिहा.” भाच्याने वेग तेवढा नीट करून दिला. काकांनी खांबांची जातकुळी तपासली. चिठ्ठी लिहून तयार आहे:

‘मुंबईकडच्या एका स्थानकात येणारी गाडी. ब्रिटिश वृत्तचित्र, १९२५ नंतरचं. मूळ काळं-पांढरं आणि मूक. वेग दुरुस्त केला आहे, बाकी काही बदललेलं नाही. ही ठाण्याची पहिली गाडी नव्हे. तिचं चलच्चित्र नाही. उजव्या बाजूला विजेच्या तारा दिसतात, त्या पुसलेल्या नाहीत.’